आभाळ दिसलं तरच

नेम चुकल्यावर पक्ष्याला टोपी काढून नमस्कार करणारा शिकारी मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे दाजी. फेझंट, म्हणजे इथला रानकोंबड्यासारखा पक्षी, डोक्यावरून फडफडत निघून जायचा, दुनळीचे दोन्ही बार फुकट जायचे. अशा वेळी शेजारचे इंग्रज शिकारी दातओठ खात पुटपुटायचे. दाजी मात्र बंदूक उघडून हातावर टाकत, डोक्यावरची चौकड्यांची टोपी उचलत आणि लांब चाललेल्या त्या पक्ष्याला म्हणत, "जावा. घरी वाट बघत असतील." एका शनिवारी हे वाक्य मी नऊ वेळा ऐकलं आहे. त्यावरून त्यांच्या नेमाबद्दल काय ते समजून घ्यावं.

दाजी मूळचे कागलकडचे. लेस्टरमधल्या एका हॉस्पिटलात तीसेक वर्षं लोकांना भूल देऊन ते निवृत्त झाले होते. त्यांचा मेहुणा त्यांच्या आधी इथे आला होता आणि तो त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून सगळं मराठी मंडळ त्यांना दाजी म्हणू लागलं. मग त्यांच्या बायकोला कुणी ताई म्हणायला हवं होतं, पण त्या मात्र सगळ्यांच्या काकूच राहिल्या. नात्यांचे असले गोंधळ परदेशातच होतात. आयुष्यभर घाबरलेल्या माणसांशी बोलल्यामुळे दाजींचा आवाज कायम खालच्या पट्टीत असायचा. आपल्या कामाबद्दल ते एवढंच सांगत, "झोपवतंय कोण पण. परत उठवतो तो डॉक्टर."

त्यांनी झोपवून परत उठवलेल्यांपैकी एक म्हणजे केन. शहरापासून पाऊण तासावर त्याचं शेत, मेंढ्या आणि दोन-तीन लहान राया. कमरेच्या ऑपरेशननंतर शुद्धीवर येता येता त्याने दाजींना शिकारीचं आमंत्रण दिलं. "भुलीत दिलेला शब्द कोण पाळत न्हाई. ह्या गड्यानं पाळला," असं दाजी सांगत. तेव्हापासून हिवाळ्यातला एकाआड एक शनिवार केनच्या शेतावर जायचा. मित्र मिळून आठ बंदुका, त्यात सात इंग्रज आणि एक कागलकर.

मी या भानगडीत पडले ती माझ्या आवाजामुळे. नवऱ्याच्या, निखिलच्या, नोकरीमुळे पुण्याहून आले तेव्हा माझ्याकडे काम नव्हतं, पण आवाज होता. "हळू बोल, रस्त्यावर ऐकू जातं," हे आईने मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मला तो दोषच वाटायचा. मंडळाच्या गणपतीत मी आरतीनंतर गजर केला, तेव्हा हॉलचा केअरटेकर धावत आत आला. दाजी हातात प्रसादाचा द्रोण घेऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, हा आवाज हॉलमध्ये वाया चाललाय. शनिवारी शेतावर येतीस काय?"

मला वाटलं, भजन असेल. मी हो म्हणून बसले. मग कळलं की हाका घालायचा आहे. रायीच्या एका बाजूला आठ बंदुका रांगेत उभ्या राहतात. दुसऱ्या बाजूने हाकारे काठ्या आपटत, झेंडे हलवत, आवाज करत हळूहळू आत शिरतात. पक्षी पुढे पळत जातात आणि रायीच्या टोकाशी उडून बंदुकांच्या डोक्यावरून जातात. मी हादरले. माझ्या पापाची मजल अंड्यापर्यंत.

"दाजी, मी शाकाहारी आहे."

"तुला कोण मारायला सांगतंय? तू फक्त ओरडायचं. आणि माझ्यापुढं आलेले पक्षी तसे पण सुखरूपच जात्यात."

बाकीच्या हाकाऱ्यांचे झेंडे खताच्या रिकाम्या पोत्यांचे होते. माझ्यासाठी दाजींनी काकूंची जुनी केशरी नारायणपेठी फाडून काठीला बांधून आणली होती. काकूंनी त्यावरून त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला होता. "साडी नेसायला असते, कोंबड्या हाकलायला नाही," हे त्यांचं म्हणणं मला आजही पटतं.

हाका हळू घालायचा असतो, पक्षी एकेक-दोनदोन उडाले पाहिजेत, हे मला सगळ्यांनी नीट समजावलं होतं. पण रायीत शिरले, चिखलात बूट रुतले, पायाखालून एक भला मोठा नर फेझंट कर्कश ओरडत उडाला आणि माझ्या तोंडातून जे बाहेर पडायचं तेच पडलं. "गणपतीऽऽ बाप्पाऽऽ!" चाळीस-पन्नास पक्षी एकदम आभाळात. आणि पलीकडून, रायीच्या त्या टोकावरून, खणखणीत उत्तर आलं, "मोरयाऽऽ!" दाजींनी बंदूक खाली सोडून उजवा हात वर केला होता. त्या हाक्यात आठांपैकी एकाही बंदुकीला एकही पक्षी मिळाला नाही. केन चालत आला आणि त्याने विचारलं, "व्हॉट ऑन अर्थ वॉज दॅट?" दाजी टोपी सारखी करत म्हणाले, "रिलिजस मॅटर, केन. कान्ट बी हेल्प्ड."

दुपारचं जेवण केनच्या कोठारात गवताच्या गठ्ठ्यांवर बसून व्हायचं. काकूंनी पाठवलेला तांबडा रस्सा, भाकऱ्या, आधीच्या खेपेच्या फेझंटचं सुकं. माझा बटाट्याच्या भाजीचा डबा वेगळा आणि त्यावर काकूंच्या अक्षरात 'पुणे' असं लिहिलेलं. पहिल्या वर्षी केनच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या म्हणे. मी गेले त्या वर्षी तो गठ्ठ्यावर टेकायच्या आधीच विचारायचा, "वेअर्स द रेड वन?"

एवढा गमत्या माणूस, पण एका बाबतीत गंमत नाही. सकाळी केनच्या अंगणात सगळे जमले की नियम सांगायचं काम दाजींचं. भूल देताना बोलायचे त्याच आवाजात ते सांगत. पक्ष्याच्या मागे आभाळ दिसत असेल तरच बंदूक उचलायची. मागे झाड, झुडपांचं कुंपण, टेकाड काही दिसलं, तर तो पक्षी खालून चाललाय आणि त्याच्या मागे माणूस असू शकतो. खालच्या पक्ष्याला टोपी काढायची आणि जाऊ द्यायचं. हाकारे जवळ आले की केन भोंगा वाजवणार, त्यानंतर तर समोर बंदूक करायचीच नाही. ज्याने उचलली त्याने काडतुसं काढून ठेवायची, त्या दिवसापुरती नव्हे, कायमची. आणि इंग्रजीत सगळं झालं की शेवटी मराठीत, "आभाळ दिसलं तरच." त्या सातही इंग्रजांना ते पाठ झालं होतं.

एकदा दाजींचाच एक जुना सहकारी, नामांकित सर्जन, पाहुणा म्हणून आला होता. पहिल्याच हाक्यात त्याने खालच्या पक्ष्यावर बंदूक फिरवली. बार काढला नाही, नुसती फिरवली. दाजी त्याच्याजवळ गेले आणि हात पुढे करून त्यांनी काडतुसं मागितली. "लंचला थांब. रस्सा चांगला झालाय. पण बंदूक गाडीत." तो माणूस लाल झाला, जेवायला थांबला नाही आणि पुढे दाजींशी कधी बोललाही नाही.

परत येताना गाडीत मी म्हटलं, "दाजी, जरा जास्तच झालं. त्याने मारलं कुठे होतं?"

त्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "माझा आजा संस्थानात हाकारी होता. शिकारीला मोठमोठे पाव्हणे यायचे. एकाचा बार खालून आला. आज्याच्या पोटरीत छर्रा राहिला तो शेवटपर्यंत. मी ल्हान असताना त्याचे पाय चेपायचो, तवा बोटाखाली हलायचा. वाटाण्यासारखा."

"कोणी माफी नाही मागितली?"

"माफी कशाची? मारणाऱ्याला कळलंच न्हाई, कुणाला लागलंय. हाकारी कुणाला दिसत न्हाई गं. आजा म्हणायचा, पाव्हण्यांची भेट हाय ती."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. हाकाऱ्याचा नातू बंदूक धरून उभा राहतो, याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा कौतुक वाटलं.

वर्षं गेली, तसे दाजींचे कान गेले. घरात टीव्ही इतका मोठा असायचा की मला माझा आवाज सामान्य वाटू लागला. काकूंनी पाठपुरावा करून कानात घालायची यंत्रं आणवली, ती कपाटाच्या खणात पडून राहिली. "टोपीखाली बसत न्हाईत," म्हणायचे. कान गेलेत हे त्यांना मान्यच करायचं नव्हतं, ते सगळ्यांना माहीत होतं आणि त्यांना तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती.

हंगामाचा शेवटचा शनिवार होता. मी कुंपणाच्या कडेने येत होते, केनचा भोंगा वाजला होता. एवढ्यात एक मादी झुडपातून निघाली आणि कुंपणाला धरून, माझ्या कमरेइतक्या उंचीवरून पुढे गेली. मी मान वर केली तर समोर दुनळी. दोन काळी भोकं, सरळ माझ्याकडे. माझ्याकडून ओरडणं झालं नाही. एवढा आवाज दिलाय देवाने, पण ऐन वेळी नाही निघाला. हातातली काठी तेवढी आपोआप वर गेली.

दुनळी खाली आली. दाजींनी ती उघडली. टोपी काढली नाही, नुसते उभे राहिले.

मी चालत त्यांच्याजवळ गेले. त्यांनी काडतुसं काढून खिशात टाकली.

"भोंगा झाला होता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला न्हाई आला ऐकू." मग माझ्या काठीच्या केशरी झेंड्याकडे बघत, "साडी दिसली म्हणून थांबलो."

ती जागा वळणावर होती. बाकीच्या कुणाला काही दिसलं नव्हतं. मी म्हटलं, "दाजी, काही झालेलं नाही. कोणीच बघितलं नाही. सोडून द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू बघितलंस की."

खरं सांगते, मला त्यांचा राग आला. जीव माझा वाचला होता, मी माफ केलं होतं, मग यांना कशाला शिक्षा हवी? आम्हाला सगळ्यांनाच ते शनिवार हवे होते आणि दाजींशिवाय ते कसले? पण कोठारात रस्सा वाढून झाला आणि दाजी उठून उभे राहिले. त्याच खालच्या पट्टीतल्या आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. भोंगा झाला होता. पक्षी खाली होता. मागे आभाळ नव्हतं, ही मुलगी होती. त्यांनी खिशातली काडतुसं काढून केनच्या समोर फळीवर ठेवली.

"बट यू डिडन्ट फायर, दाजी," केन म्हणाला.

"नायदर डिड ही," दाजी म्हणाले. त्यांना तो सर्जन म्हणायचा होता.

दाजी खाली बसले आणि भाकरी कुस्करू लागले. "खावा की. गार व्हायलाय," ते सगळ्यांना मराठीत म्हणाले आणि सगळ्यांनी ऐकलं. सोमवारी त्यांनी बंदूक आणि परवाना दोन्ही पोलिसांकडे जमा केली. सर्जनला त्यांनी पत्रही लिहिलं, असं काकूंनी मला सांगितलं. उत्तर आलं नाही.

मला वाटलं, आता दाजी संपले. घरी बसतील आणि काकूंच्या फोडणीत मोहरी जास्त पडली म्हणतील. पण पुढच्या हंगामाच्या पहिल्या शनिवारी केनच्या अंगणात ते हजर. दोन्ही कानांत यंत्रं, टोपी मागे सरकवलेली आणि हातात काठी. काठीला त्याच केशरी साडीचा राहिलेला अर्धा तुकडा.

"आमचा मूळ धंदा ह्योच," मला म्हणाले. "मधी जरा भरकटलो होतो."

दोन हंगाम ते माझ्या शेजारून चालले. चिखलात पाय टाकायच्या आधी काठी टेकवत, काटेरी झुडपांना कोल्हापुरी शिव्या देत. "हिकडनं जास्त दिसतंय बघ," म्हणायचे. खरंच दिसायचं. उडायच्या आधी पक्षी अंग कसं चोरतो, ते मी त्यांच्याजवळ बसून पाहिलं. हंगामाच्या शेवटच्या हाक्यात केनने आम्हाला एक गजर माफ केला होता. मी "गणपती बाप्पा" म्हणायची, ते शेजारी उभे राहून "मोरया" म्हणायचे आणि सगळे उरलेले पक्षी एकदम उडून जायचे. मला तर वाटतं, ते त्यासाठीच यायचे.

गेल्या उन्हाळ्यात दाजी झोपेतच गेले. काकू म्हणाल्या, "किती हाका मारल्या गं. यंत्रं काढून झोपले होते, म्हणून आधी मी घाबरलेच नाही."

या नोव्हेंबरात जायचं की नाही, हे मला कळत नव्हतं. काकूंनी रश्श्याचं पातेलं आणि 'पुणे' लिहिलेला डबा निखिलच्या हातात दिला, तेव्हा गेले. अंगणात नियम केनने सांगितले. मी मुद्दाम लांब उभी राहिले, मला ते ऐकवत नव्हते. नव्या माणसांत एक तरुण दंतवैद्य होता, स्कॉटलंडहून नुकताच इकडे आलेला. दाजींना त्याने कधी पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या हाक्यात मी त्याच कुंपणाशी होते. एक मादी निघाली आणि तशीच खालून गेली. मी काठी घट्ट धरली आणि मान वर केली. वळणावर तो दंतवैद्य उभा होता. त्याची दुनळी जमिनीकडे होती. त्याने टोपी उचलली, पक्ष्याकडे बघून मान लववली आणि टोपी परत डोक्यावर ठेवली.

जेवताना मी त्याला विचारलं, "हे टोपी काढायचं तुला कोणी शिकवलं?"

तो जरा गोंधळला. "केनने सकाळी सांगितलं ना. इथे असंच करतात म्हणाला. का, चुकलं का काही?"

"नाही," मी म्हटलं, "इथे असंच करतात."

मी पातेलं त्याच्याकडे सरकवलं. तांबडा आहे, म्हटलं, जपून.