मशेरीचं बोट

ऐंशीच्या दशकात आमच्या दिवाळे गावात तंबाखूच्या नावानं सगळ्यात जास्त बोटं मोडणारी बाई म्हणजे मी. सरकारी दवाखान्यानं तंबाखूच्या धोक्याची पोस्टरं वाटली, तेव्हा मी भांडून एक जास्तीचं घेतलं आणि सासऱ्यांच्या खाटेसमोर चिकटवलं. त्यांची विडी मला खपत नसे.

“बाबा, बघा जरा, सरकार काय सांगतंय!”

“मना वाचता कुठं येतंय? चित्र बघून जेवन जात नाय, येवढं खरं.”

हे भांडण मी करायची चुलीवर मशेरी भाजता भाजता. तंबाखू तव्यावर काळी करायची, चुरायची आणि बोटानं दातांना घासायची. त्याशिवाय मला मासळीची पाटी उचलवत नसे. पण ती तंबाखूच, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं. तंबाखू म्हणजे बाप्ये ओढतात ती! काय ती अक्कल!

दवाखान्याच्या नर्सबाई घरोघर चौकशी करत आल्या. “तंबाखू घेता का?”

“छे! मी नुसती मशेरी लावते. दिवसातून चारदा.”

सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला.

बाई हसल्या नाहीत. “आ करा.” बॅटरीच्या उजेडात गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. “आजच बंद केलीत तर बहुतेक जाईल. नाहीतर पुढे कॅन्सर होऊ शकतो.”

माझी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती.

मशेरीचा डबा मी त्याच दिवशी खाडीत टाकला. मग डोकं ठणकायचं, गिऱ्हाइकांवर मी वसकन ओरडायची. बाई दर मंगळवारी येत. तोंडाआधी बोट बघत. एकदा ते काळं सापडलं. शेजारणीकडची चिमूटभर!

“परत?” एवढंच म्हणाल्या. त्या आठवड्यात मात्र रोज आल्या, बाजारात माझ्या पाटीपाशीसुद्धा.

नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या म्हणून सरकारला आम्ही शिव्या खूप दिल्या. पण ही बाईही त्याच सरकारनं पाठवली होती, हे मी विसरत नाही.

काही महिन्यांनी बॅटरी विझवत त्या म्हणाल्या, “गेला चट्टा. आता माझं काम संपलं.”

मी मुलीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. “संपलं कसं? तुमी नाय आलात तर मी उद्याच तवा चढवीन.”

“धमकी देता होय?”

“देते तर!”

पुढच्या मंगळवारी आल्या. मी आपणहून आ केला, तर म्हणाल्या, “मिटा ते. चहा टाका.”