पू नाही म्हणून खूश झालेली माणसं

नाही दादा, ती जखम स्वच्छ नव्हती. किती वेळा सांगू.

काल फॅमिली ग्रुपवर पिंकीच्या बाळाचा फोटो आला. सव्वीस दिवस झाले, नाळ अजून तशीच. आणि फुलपाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून तू खाली लिहिलंस, “आजोळ सोडायचा नाही हा.” वर चार हसरे चेहरे.

किळस आली. तुझी नंतर, आधी माझी. कारण हा जोक मूळचा माझा आहे.

आज निलेशचा दिवस. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. निलेश म्हणजे आमच्या माईचा, माझ्या मोठ्या बहिणीचा, पहिला मुलगा. पिंकीचा थोरला भाऊ, तिने कधी न बघितलेला.

अठ्ठ्याऐंशी साल. मी एकवीसचा. सातवी नापास, मस्कतला पाइप फिटर. तीन महिन्यांच्या सुट्टीवर चांदीपला आलेलो. माई बाळंतपणाला माहेरी.

आमच्या घरात बाळाची नाळ पडली की परसात केळीखाली पुरतात. मगच बाळंतीण सासरी जाते.

आठवडाभरात पडते. निलेशची पडेना.

वीस दिवस झाले तशी आई खूशच. लेक तेवढीच जास्त राहते.
बघायला येणाऱ्या बायकांना सांगायची, “याचा जीव इथंच लागलाय. दुसरं पानी नको त्याला.”

मी म्हटलं, “चिकट्या आहे. आजोळ सोडायचा नाही.”

सगळे हसले. त्याला हाक मारायची तर चिकट्या म्हणूनच.

माई एकटी म्हणाली, “अरे, बेंबीला हात लागला की कळवळतो तो.”

तू म्हणालास, “पहिलटकरीण आहेस. सगळ्यालाच घाबरणार.”

तरी एसटीने विरारला नेलं. डॉक्टरने बेंबी दाबून बघितली. “पू नाही. एकदम क्लीन.” पावडर दिली.

अडतिसाव्या दिवशी नाळ पडली. खाली लाल, ओली खाच.
आई म्हणाली, “पू नाय ना, मग झालं.”

पेढे मी आणले. आगाशीच्या बाजारातून, मुद्दाम. माईने एकही खाल्ला नाही. तिला सासरीही पाठवलं नाही, पोराला ताप होता.

मग तोंडात फोड आले. खाच भरायच्या ऐवजी पसरायला लागली, कडेने काळी. आणि तरी पू नाही, तर सगळे निवांत.

रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी इतक्या निघाल्या की डॉक्टर म्हणाला रिपोर्ट चुकला. परत केलं, तेच. मग म्हणाला, “बॉडी जोरात फाइट करतेय.”

आपण ह्याचाही अभिमान बाळगला दादा. तू शेजारी सांगत फिरलास.

सुट्टीचे शेवटचे आठ दिवस राहिले तेव्हा मी आणि माई त्याला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेलो. एक तरुण डॉक्टरीण होती. तिने जखम बघितली नाही, आधी विचारलं, “नाळ कधी पडली?”

“अडतिसाव्या दिवशी.”

“आणि तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

“हसलो आम्ही,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. विचारलं, “कुठले तुम्ही?” खाडीच्या काठचे म्हटल्यावर तिने होडीचंच सांगितलं.

पांढरी पेशी रक्तातून होडीसारखी वाहत जाते. जिथे जखम, तिथे धक्क्याला लागायचं. त्यासाठी तिच्या अंगावर प्रोटीनचे हूक असतात आणि नसेच्या भिंतीवर कड्या. हूक कडीत अडकला की होडी थांबते, पेशी भिंतीतून बाहेर पडते, जंतू खाते.

हूक सारखा उघडाही चालत नाही, नाहीतर वाटेत कुठेही अडकेल. मिटलेला असतो. जखमेकडून सांगावा आला की उघडतो, पकडतो, मग सोडतो.

“तुमच्या बाळाच्या पेशींना तो हूकच नाही असं वाटतं. म्हणून रक्तात गर्दी आणि जखमेत कोणी नाही. पू म्हणजे लढून मेलेल्या पेशी. पू नव्हता, कारण कोणी पोचलंच नाही. नाळसुद्धा ह्याच पेशी येऊन सोडवतात.”

माई म्हणाली, “मग चिकटलेला म्हणत होते ते...”

डॉक्टरीण म्हणाली, “चिकटताच येत नाही त्याला.”

हे आई आणि बाप दोघांकडून आलं तरच होतं, असं तिने कागदावर काढून दाखवलं. आणि म्हणाली, “घरात परत कुणाची नाळ अशी राहिली तर थांबू नका.”

मी मस्कतला परतलो. तेविसाव्या दिवशी तार आली. तेव्हा वयाचे चार महिने पुरे व्हायचे होते त्याचे.

इतकी वर्षं झाली. दर वर्षी आजच्या दिवशी तुझं तेच. देवाची मर्जी, जखम तर किती स्वच्छ होती. लाज वाटत नाही का.

पिंकीचा नवरा आपल्याच नात्यातला आहे. एवढं तरी डोक्यात येऊ दे.

कदाचित काहीच नसेल. कुणाकुणाची नाळ उशिरा पडते. मग खुशाल हसा, मीही हसेन. पण टेस्टनंतर.

पिंकी, मोठ्यांना विचारत बसू नकोस. उद्या सकाळी माईला घे, बाळाला घे, मुंबई गाठ. सीबीसी करायला सांग आणि सीडी एटीनची, म्हणजे त्या हुकाची, टेस्ट मागून घे. इथं मस्कतच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरला विचारून लिहितोय, मनाचं नाही. आता यावर इलाज आहे म्हणतात, बोन मॅरोचा. लवकर कळलं तर.

निलेश, बाबा, मामाने तुझी चेष्टा केली. माफ करू नकोस. शांत राहा.

टेस्ट, गाडी, दोन दिवस राहणं, सगळं धरून पिंकीच्या खात्यावर आत्ता पाठवतोय. चाळीस हजार.