मला सगळं ऐकू आलं होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मगदूम सरांच्या नागरिकशास्त्राच्या त्या तासाला मी शेवटच्या बाकावर बसलो होतो आणि त्यांचा शब्द न् शब्द मला ऐकू आला होता.

सर गेल्याला महिना होऊन गेला. शाळेनं शोकसभा घेतली. ज्या अध्यक्षांनी सरांकडून त्यांचा विषय काढून घेतला, तेच माइकवर म्हणाले, "सर म्हणजे आमच्या संस्थेचा कणा." कणा असता तर संस्था एवढी वाकून चालली असती काय? बोलणारे सगळे एकाच जातकुळीचे, नोकरी सांभाळत म्हातारे झालेले. त्यांत मीही बोललो, आणि माझ्या भाषणाला टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवणारी माणसं आमच्याकडं हमखास मिळतात.

मंगळवार पेठेतल्या आमच्या शाळेचं गेट प्रार्थनेला बंद व्हायचं. हातकणंगल्याकडची एष्टी रोजच उशिरा, म्हणून तिकडची पोरं रोजच उन्हात उभी. त्या दिवशी मी सहशिक्षक म्हणून सरांच्या नववीच्या वर्गावर पाठनिरीक्षणाला बसलो होतो. विषय निघाला, अन्याय करणारा कायदा ओळखायचा कसा. एक पोरगा म्हणाला, "सर, कॉपी करू न्हाय हा नियम पण आमाला अन्यायच वाटतोय की." वर्ग हसला. सरही हसले. "तो सगळ्यांना सारखा लागतो रे. गेटचा नियम कुणाला लागतो?"

"एष्टीनं येणाऱ्यांना," मागून एक मुलगी म्हणाली.

"मग गेटवरनं उडी मारायची, सर?"

"उडी चोर मारतो. नियम मोडायचा तर दिवसाढवळ्या, आणि शिक्षा होईल ती मान खाली न घालता घ्यायची. पण मी सांगतो म्हणून काही करू नका. घरी विचारा, स्वतः ठरवा."

दुसऱ्या दिवशी पेठेतली, शाळेला खेटून राहणारी पोरंसुद्धा गेटबाहेर एष्टीवाल्यांशेजारी उभी राहिली. सगळ्या वर्गानं शिक्षा घेतली, एकानंही कुरकुर केली नाही. मोठ्या माणसांना मात्र घाम फुटला. पोरांना स्वतःची अक्कल असते हे मान्य करण्यापेक्षा 'कुणीतरी चिथावलं' म्हणणं सोपं. चौकशीत मला विचारलं, सर नेमकं काय म्हणाले? पर्यवेक्षकाची जागा रिकामी होती. मी म्हणालो, "मागं बसलो होतो... नीट ऐकू आलं नाही."

तेवढं पुरलं. निवृत्तीपर्यंत सरांनी दुसऱ्यांचे रिकामे तास सांभाळले. मी पर्यवेक्षक झालो. पुढं गेटची वेळही बदलली, आणि त्याचं श्रेय अध्यक्षांनी स्नेहसंमेलनात घेतलं. सर मला भेटले की "काय पावणं, बरं हाय न्हवं?" एवढंच विचारायचे. एकाच शाळेतल्या माणसाला पावणं... मला ते कळायचं.

सांत्वनाला गेलो तेव्हा वहिनींनी त्यांच्याच खुर्चीत मला बसवलं. खुर्ची दाराकडं तोंड करून. येणाऱ्याला आधी आपण दिसावं, अशी त्यांची सवय. चहा देताना वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमी व्हता त्या वर्गात. खरंच ह्यांनी पोरांना भडकवलं व्हतं काय? ह्यांना विचारलं की नुसतं हसायचे."

मी चहा प्यायलो आणि उठलो.

वर्तमानपत्राच्या पुरवणीत असं लिहून हे फिटत नाही. वहिनींच्या समोर बसून 'नाही' म्हणायचं मी अजून देणं लागतो.