गाडी बाहेर, लेथ आत

कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांना सगळे मिलिमीटरबाई म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं 'बाई'. पण हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि त्यात वावगं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. सेंटिमीटरबाई म्हटलं असतं तर मात्र त्या दुखावल्या असत्या.

सारी नोकरी त्यांनी यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढण्यात घालवली. त्या वर कागदावर काढायच्या आणि खाली शॉपमध्ये दुसरंच कुणीतरी ते लोखंडातून कापायचं. ड्रॉइंगवाल्यांनी मशीनला हात लावायचा नाही, असा तिथला अलिखित नियम. लिहिलेला नियम निदान खोडता तरी येतो. याला खोडायचं कुठे? कधी काही विचारायला बाई खाली गेल्याच, तर टूलरूमचा फोरमन हात पुसत पुढे यायचा. "या बाई. काय आहे, कागदावर सगळं बसतं हो!" वर्षानुवर्षं तेच वाक्य, तोच हसरा चेहरा. बाईही हसायच्या. हसून वर जायच्या आणि आधीच टोकदार असलेल्या पेन्सिलीला पुन्हा टोक काढत बसायच्या.

निवृत्तीच्या समारंभात मालक म्हणाले, "बाई, तुम्हाला काही हवं असेल तर नि:संकोच सांगा." असं विचारायची रीत असते, सांगायची नसते, हे बाईंना कळत होतं. तरी त्या उठल्या आणि म्हणाल्या, "टूलरूमच्या मागे तो जुना लेथ पडलाय, भंगारात जाणारा. तो द्या."

मालक मोकळेपणाने हसले. टाळ्याही पडल्या. बाई उभ्याच राहिल्या. टाळ्या थांबल्या तरी उभ्याच. तेव्हा मालकांना विनोद आपल्या अंगाशी आल्याचं लक्षात आलं आणि त्यांनी 'बघू' म्हणायच्या ऐवजी घाईत 'घ्या' म्हटलं.

लेथ म्हणजे लोखंडाचा दांडा गरगर फिरवत त्याला बाजूने धारदार हत्यार लावायचं यंत्र. सफरचंद फिरवत सोलावं तसा तो लोखंड सोलतो. वजनाला मात्र सफरचंदासारखा नसतो. तो माडीवर चढत नाही, बाल्कनीत मावत नाही, आणि दिवाणखान्यात ठेवला तर पाहुण्यांना बसवायचं कुठे हा प्रश्न येतो. राहता राहिलं गॅरेज. तिथे गाडी होती.

गाडी यजमानांची. यजमान निवृत्त ऑडिटर, आणि ती गाडी आजवर रस्त्यावर कमी, फडक्याखाली जास्त चाललेली. दर रविवारी ते तिला गॅरेजातच धूत, पुसत, थोडं मागे सरून न्याहाळत आणि पुन्हा झाकून ठेवत.

"अगं, पण गाडी कुठे जाईल?" त्यांनी विचारलं.

"गाडीला चाकं आहेत. ती कुठेही जाईल. लेथला नाहीत."

ऑडिटरांनी यावर बराच विचार केला. मुद्दा बिनतोड होता. बिनतोड मुद्द्यांचा त्यांना जन्मभर राग आलेला, कारण तिथे आक्षेप घ्यायला जागाच उरत नाही. गाडी रस्त्याच्या कडेला गेली. त्यांचा जीव तिच्या टपावर जाऊन बसला.

गॅरेज रिकामं झाल्यावर बाईंनी पहिलं काम केलं ते म्हणजे ड्रॉइंग काढलं. लेथ इथे, टेबल तिथे, हत्यारांचा फळा डाव्या भिंतीला, दिवा उजव्या खांद्यावरून. खालच्या कोपऱ्यात नेहमीचे दोन चौकोन: 'काढले' आणि 'तपासले'. काढणाऱ्याने स्वतःचं काम स्वतः तपासायचं नाही, हा ड्रॉइंग ऑफिसचा पहिला धडा. आपली चूक आपल्याला दिसत नाही, कारण ती आपल्यासारखीच दिसते. बाईंनी हा नियम इतका कडक पाळला होता की तपासणारा जेवायला गेला तर कामही जेवायला जायचं. आता घरी तपासणार कोण? ऑडिटर होते, पण ते गॅरेजचं नावसुद्धा घेत नव्हते. म्हणायचे, 'ती खालची खोली'. मग बाईंनी पहिल्या चौकोनात सही केली, आणि क्षणभर इकडेतिकडे पाहून दुसऱ्यातही केली.

वायरमन आला. मोटर बघून त्याचे डोळे चमकले.

"काकू, गिरणी टाकताय वाटतं?"

"लेथ आहे."

"अच्छा, काकांचा छंद!"

"माझा."

वायरमनने हातातल्या वायरीकडे पाहिलं, मग बाईंकडे. "मग काकांसाठी पंख्याचा एक पॉइंट काढून ठेवू का? बसतील बिचारे."

"ते बसणार नाहीत. ते रुसलेत."

हमालांनी लेथ साखळीने उचलून ड्रॉइंगातल्या जागेवर ठेवला. जमिनीत भोकं पाडून बोल्ट बसवले. ते आवळायचं काम मात्र बाईंनी कुणाला दिलं नाही. पाना लावून, पदर खोचून, अंगाचा सगळा भार टाकून त्यांनी एकेक बोल्ट असा आवळला की जणू खाली फोरमन होता.

लेथ बसला आणि त्याच संध्याकाळी मुलगा आला. मुलगा विमा विकायचा आणि नुकतीच त्याने एक लांबलचक गाडी घेतली होती. तिला त्याच्या इमारतीत छप्पर नव्हतं. आईबाबांच्या गॅरेजवर आपला डोळा आहे, त्यांच्या घरावर नाही, असं तो मित्रांना प्रामाणिकपणे सांगायचा.

"आई, हे काय आणून ठेवलंयस?"

"तुला दिसतंय ना? मग विचारतोस कशाला."

"बाबा, तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोललो," ऑडिटर म्हणाले. "माझं म्हणणं ऐकलं गेलं. इतकंच झालं."

"अगं, लोक या वयात बागकाम करतात. विणकाम करतात. तू लोखंड कापणार? एक तरी सरळ दांडा निघणार आहे का तुझ्या हातून?"

नेमकं हेच बोलायला नको होतं. बाईंच्या कानात तो हसरा आवाज वाजला आणि जीभ सुटली.

"निघेल."

"नाही निघाला तर?"

"तर मीच भंगारवाला बोलावीन."

"तू कशाला त्रास घेतेस?" मुलगा गोड आवाजात म्हणाला. विम्यात हा आवाज फार उपयोगी पडत असावा. "रविवारी मीच घेऊन येतो."

शब्द गेला तो गेला. आता लेथ राहणार की जाणार, हे एका दांड्यावर येऊन ठेपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी पहिला दांडा चढवला. मशीन सुरू झालं, हत्यार टेकलं, आणि लोखंडाची निळसर साल वेटोळी घेत हातावर येऊन पडली. चटका बसला. बाईंनी हात मागे घेतला नाही. इतकी वर्षं जी रेघ त्यांनी कागदावर ओढली, ती आज लोखंडात ओढली जात होती. दांडा उतरवून त्यांनी तो मायक्रोमीटरने मोजला. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक.

हात हलला असेल. दुसरा दांडा केला. तसाच. हत्याराला नवी धार लावली. तसाच. चष्मा बदलला, उभं राहायची जागा बदलली, वेग कमी केला, वाढवला. दांडे निघत राहिले, सगळे एका बाजूने निमुळते. डोळ्यांना फरक दिसत नव्हता. पण मिलिमीटरबाईंना डोळ्यांचं काय कौतुक? फरक इतका इमानाने दरवेळी तेवढाच यायचा, की हात चुकतोय म्हणायलाही लाज वाटावी. हात इतका शिस्तशीर चुकत नाही.

ऑडिटर दाराशी डोकावून जायचे. "आज किती गाजरं झाली?"

"मोजा की. तुमचा धंदाच तो."

"छे, मी निवृत्त झालोय. पण भाजीला कमी पडणार नाहीत असं दिसतं."

रविवार उजाडला. बाई फडकं घेऊन मशीनखालचा ट्रे पुसत होत्या. ट्रेमध्ये तेल साचायचं आणि त्या ते रोज पुसायच्या. रोजचं काम असल्याने त्याकडे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. तेल डाव्या अर्ध्यात पसरून होतं आणि उजव्या अर्ध्यात सगळं पुढच्या कोपऱ्यात जमलं होतं. दोन अर्ध्यांचं एकमत नव्हतं. तेलाला ड्रॉइंग वाचता येत नाही. त्याला जिकडे उतार दिसतो तिकडे ते जातं.

बाईंनी पाणसळ आणली. गवंडी वापरतात ती, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. मशीनच्या डाव्या टोकाला आडवी ठेवली: बुडबुडा मधोमध. उजव्या टोकाला ठेवली: बुडबुडा पळाला तो थेट कडेला.

बाई मटकन स्टुलावर बसल्या. लेथचा एक पाय सपाटीवर होता, दुसरा उतारावर. त्यावर बाईंनी सगळा जीव ओतून बोल्ट आवळलेले. ओलं फडकं पिळावं तसं त्या बिचाऱ्या मशीनचं अंग पिळवटलं होतं. पिळवटलेला माणूस सरळ बोलत नाही, लेथ तरी सरळ कसा कापेल?

आणि हा उतार कुणी केला? घर बांधताना गवंडी म्हणत होता, बाई, फरशी सपाट राहू द्या. बाईच त्याच्या उरावर बसल्या होत्या: "गाडी धुतली की पाणी कोपऱ्यातल्या भोकाकडे गेलं पाहिजे. तेवढ्या भागाला उतार दे." त्याने दिला होता, चोख. पण ड्रॉइंग काढताना बाईंनी जमीन काढली ती पट्टी ठेवून, एका रेघेत, सपाट. जन्मभर जमीन अशीच काढली होती. शेजारी 'तपासले'मध्ये सही. तीही त्यांचीच.

बाहेर हॉर्न वाजला. मुलाच्या लांबलचक गाडीमागे भंगारवाल्याचा टेम्पो. मुलगा आत आला, ऑडिटर त्याच्या मागे, आणि सर्वांच्या मागे दोन्ही हात कमरेवर ठेवून भंगारवाला.

"काय आई, निघाला सरळ दांडा?"

"नाही."

इतकं सरळ उत्तर मुलाला अपेक्षित नव्हतं. "मग ठरल्याप्रमाणे..."

"जमीन तिरकी आहे."

मुलगा बाबांकडे बघून हसला. "बघा. नाचता येईना, अंगण वाकडं!"

"वाकडंच आहे," बाई उठल्या. "मीच वाकडं करून घेतलंय. ड्रॉइंग मी काढलं, तपासलं मीच, चूक माझी. चुकीच्या ड्रॉइंगवर कारखान्यात काय करतात माहीत आहे? ड्रॉइंग रद्द करतात. आणि त्याच्यावर घेतलेलं काम आपोआप रद्द होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे मी दिलेला शब्दही रद्द. लेथ कुठेही जाणार नाही."

"हा काय न्याय झाला! बाबा, हा चक्क शब्द फिरवणं आहे."

"आहेच," बाई म्हणाल्या. "मी फिरवतेय. समोर उभी राहून, दिवसाढवळ्या. आयुष्यभर पाळले तेवढे पुरे झाले. लेथ न्यायचा असेल तर हे बोल्ट सोडवावे लागतील, आणि पाना माझ्या हातात आहे."

पाना लांबीला बराच होता. भंगारवाल्याने अशी घरगुती भांडणं पुष्कळ पाहिलेली. त्याला फक्त फेरी वाया जाण्याची काळजी. तो शटरबाहेर डोकावून म्हणाला, "मावशी, मशीन राहू द्या. ती झाकलेली गाडी आहे कडेला, ती तरी द्यायची आहे का?"

मुलगा वैतागला होता. वैतागलेला माणूस खरं बोलतो. "तिचं नंतर बघू," तो म्हणाला. "आधी गॅरेज मोकळं होऊ दे. तिलाही कधीतरी काढायचीच आहे."

ऑडिटरांनी मान हळूहळू वळवली. ताळेबंदात घोळ सापडला की त्यांची मान अशीच वळायची, असं त्यांच्या हाताखालचे लोक सांगत.

"कुणाला काढायचीय?"

"तसं नाही बाबा, म्हणजे... माझी गाडी आत आली की तुमची..."

"म्हणजे गॅरेज तुला पाहिजे होतं. आणि मी आठवडाभर तुझ्या बाजूने गाजरं मोजत होतो."

"अहो बाबा, ती चालत तरी कुठे..."

"लेथ राहील," ऑडिटर म्हणाले. मग लगेच बाईंकडे वळून, "याचा अर्थ मला तो आवडला असा नाही."

"तुम्हाला विचारलंय कुणी?" बाई म्हणाल्या आणि पाणसळ त्यांच्या हातात दिली. "तिकडच्या टोकाला आडवी धरा. बुडबुडा मधे आला की सांगा. बाकी काही सांगू नका."

भंगारवाला निघून गेला. बाईंनी बोल्ट सैल केले. उतारावरच्या पायाखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या सरकवल्या. एक. मग दुसरी. ऑडिटर गुडघ्यावर बसून नळीत डोळा घालून होते. "आला... नाही, गेला. जरा जास्त झालं. अगं, जास्त झालं म्हणतोय!" दुसऱ्याची चूक काढायचं काम हाती आल्यामुळे, कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज निरोगी वाटत होता. चुका ते निर्दयपणे काढत होते आणि बाई त्या मुकाट्याने ऐकत होत्या, कारण सगळ्या खऱ्या होत्या. या वेळी बोल्ट त्यांनी बेताने आवळले.

दुपार कलताना दांडा चढला. साल निघू लागली. मुलगा अजून शटरपाशीच उभा होता. जायचं तर रागावून जावं लागलं असतं, आणि राग आता कुणावर धरावा हे त्याला नक्की ठरवता येत नव्हतं. मशीन थांबलं. बाईंनी एक टोक मोजलं, दुसरं मोजलं.

"झाला सरळ?" त्याने विचारलं.

"आधीपेक्षा बरा. सरळ नाही."

"मग?"

"मग काय? अजून एक पट्टी," बाई पाना उचलत म्हणाल्या. "आणि तू नुसता उभा राहू नकोस. शटर पूर्ण वर कर, उजेड कमी पडतोय."