चाळ कोणाची?

"मॅडम, क्रिप्टोत तोटा झाला आन् तो रिटर्नमध्ये दाखवला तर पगारातला कापलेला टॅक्स परत मिळंल का?"

मी उत्तर देण्याआधीच टेबलावरचा दत्ताभाऊंचा फोन थरथरला. त्यांनी स्क्रीनकडे एक नजर टाकली आणि फोन उलटा ठेवला. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी रूपालीताईंनी तो पुन्हा सुलटा केला.

शिरूरमधल्या एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात मी काम करते. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केले आहे आणि गुंतवणूक सल्लागाराच्या परीक्षेची तयारी चालू आहे. परवाना हाती येईपर्यंत कोणालाही 'हे घ्या' किंवा 'ते विका' असे सांगायचे नाही, ही आमच्या सरांची सक्त ताकीद. कायदाही तेच म्हणतो. "समजावून सांगायला हरकत नाही," असे सर म्हणतात. "पण बटण त्यांचं, बोटही त्यांचंच."

"नाही," मी दत्ताभाऊंना सांगितले. "क्रिप्टोतला तोटा पगारातून वजा होत नाही. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातूनही वजा होत नाही. पुढच्या वर्षी नेता येत नाही. नफा झाला तर मात्र तीस टक्के टॅक्स."

"म्हंजी फायद्यात सरकार वाटेकरी, आन् तोट्यात आपुन एकलेच?"

"हो."

"मग आमच्या चुलतभावासारखंच हाय की सरकार," ते म्हणाले आणि हसले. रूपालीताई हसल्या नाहीत. फोन पुन्हा थरथरला होता.

दत्ताभाऊ रांजणगावच्या एका कंपनीत लाइन सुपरवायझर आहेत. घरची शेती न्हावऱ्याला, त्यात ऊस आणि कांदा. रूपालीताई दौंडला रेल्वेच्या सिग्नल विभागात टेक्निशियन. एकाची शिफ्ट, दुसरीची ड्युटी, मध्ये मोटारसायकलचा रस्ता. एकत्र राहता यावे म्हणून त्यांनी दौंडला फ्लॅट बुक केला होता. पुढचा हप्ता येत्या महिन्यात भरायचा होता, आणि तो हप्ता, बाकीच्या बचतीसकट, त्या थरथरणाऱ्या फोनमध्ये होता.

"ह्यांनी एकट्यानं नाही केलं," रूपालीताईंनी स्पष्ट केले. "कॉइन वर गेला तर ओट्याला ग्रॅनाइट बसवू म्हणाले. मीच हो म्हटलं."

"आन् वर जाईलच," दत्ताभाऊ म्हणाले. "घाबरायचं कामच न्हाई. कांद्याचा भाव पडला तर आमचा बाप काय करतो? चाळीत टाकतो. विकला न्हाई तवर तोटा न्हाई. मी बी होल्ड केलंय."

कांद्याची चाळ म्हणजे हवा खेळती राहील अशी उंचावर बांधलेली वखार. भाव नसेल तेव्हा कांदा तिथे थांबतो. हा विचार सर्वस्वी चुकीचा नाही. स्वतःच्या पैशाने कॉइन घेतला असेल आणि त्या पैशाची लवकर गरज नसेल, तर भाव पडल्यावर थांबणे हा एक पर्याय असतो. मी मान डोलावणारच होते. पण एक गोष्ट जुळेना. नुसता होल्ड करून बसलेल्या माणसाला ॲप इतक्या हाका का मारेल?

"मेसेज कसला येतोय, बघू?"

"ते व्हय? भाव पडला की ॲप म्हनतं, आणखी टाका. मी टाकतो. सरासरी खाली येती ना."

मी स्क्रीन पाहिली. मेसेज मार्जिनचा, म्हणजे सौद्यापोटी ठेवायच्या अनामत रकमेचा होता. कॉइनच्या नावाशेजारी बारीक अक्षरांत '10x' असे लिहिलेले होते.

"दत्ताभाऊ, हे टेन-एक्स म्हणजे काय?"

"धा पट फायद्याची स्कीम. फोनवर टिपांचा ग्रुप हाय, त्या ग्रुपवरच्या सरांनी ठेवायला सांगितलं. लाइनवरचा आमचा यादव बी म्हनला, 'भैया, डर गया सो मर गया.'"

सोप्या शब्दांत सांगायचे तर दत्ताभाऊंकडे हा कॉइन नव्हताच. त्यांनी फ्युचर्सचा, म्हणजे माल न घेता नुसत्या भावावर लावलेला सौदा केला होता. दहा भागांतला एक भाग पैसा त्यांचा, बाकी नऊ भागांचा भार ॲप चालवणाऱ्या एक्स्चेंजवर; हेच लिव्हरेज. भाव चढला तर फायदा दहापट, हे खरे. पण भाव साधारण दहा टक्के उतरला की त्यांचा भाग संपतो आणि एक्स्चेंज कोणालाही न विचारता सौदा बंद करते. याला लिक्विडेशन म्हणतात. ॲप जे आणखी पैसे मागत होते, ते नवा माल घ्यायला नव्हे, ही घडी पुढे ढकलायला. त्यात खरेदीच्या भावाची सरासरी कुठेच खाली येत नव्हती. फ्लॅटचा हप्ता तेवढा आत जात होता.

मला हे दोन वाक्यांत सांगणे भाग होते.

"दत्ताभाऊ, तुम्ही कांदा चाळीत टाकलाय म्हणता. पण चाळ कोणाची?"

"कोणाची म्हंजी?"

"चाळ एक्स्चेंजची. कांद्याचे पैसेही बरेचसे त्यांचेच. तुमचं फक्त डिपॉझिट. भाव ह्या आकड्याला टेकला," मी लिक्विडेशनच्या भावावर बोट ठेवले, "की चाळवाला सगळा कांदा विकणार. नंतर भाव दुप्पट झाला तरी तुमची पिशवी रिकामीच."

भाव आमच्या डोळ्यांदेखत थोडा आणखी उतरला.

"जरा आत ये," सरांनी केबिनमधून हाक मारली. काचेपलीकडून त्यांनी सगळे पाहिले होते.

"सर, दहापट लिव्हरेज आहे आणि त्यांना ते माहीतच नाही."

"सांगितलंस?"

"हो."

"विका म्हणालीस?"

"नाही."

"म्हणूही नकोस."

"पण मी समजावत बसले आणि तेवढ्यात सगळं उडालं तर?"

"मग लवकर समजाव."

बाहेर येऊन मी पर्याय मांडले. आणखी मार्जिन भरता येईल, पण तो हप्त्याचाच पैसा. सौदा पूर्ण बंद करून उरलेली रक्कम काढून घेता येईल. अर्धा बंद केला तर धोका त्या प्रमाणात कमी होईल. किंवा काहीच न करता भाव फिरण्याची वाट पाहता येईल. भाव कुठे जाईल हे मला माहीत नव्हते, कोणालाच नसते. एक गोष्ट मात्र मोजता येत होती. मी त्या कॉइनचा गेल्या काही आठवड्यांचा चार्ट उघडला.

"हा कॉइन एका दिवसात इतका वरखाली होतो," मी स्क्रीनवर दोन बोटांत अंतर धरून दाखवले. मग बोटे जवळ आणली. "आणि तुमच्या लिक्विडेशनला आता एवढंच अंतर उरलंय."

"म्हणजे रोजच्यासारखा एक दिवस उगवला तरी खेळ संपला," रूपालीताई म्हणाल्या.

"संपू शकतो."

"जरा वर येऊ द्या," दत्ताभाऊंचा आवाज खाली गेला होता. "मग काढतो."

"किती वर आला की काढणार? आणि वर आलाच नाही, तर खाली कुठे थांबणार? दोन्ही आकडे आत्ता सांगा. आधी ठरलेला आकडा म्हणजे नियम. ऐन वेळी सुचलेला आकडा म्हणजे आशा."

दत्ताभाऊंनी चार्ट बोटाने मागे-पुढे सरकवला.

"खालचं खाली गेल्यावर बघू की."

"अहो, लाल दिसल्यावर ब्रेक शोधायचा नसतो," रूपालीताई फटकन म्हणाल्या. "पिवळ्यालाच स्पीड उतरवतात. नाहीतर मग आमच्या खात्याला तुमच्यावर चौकशी बसवावी लागेल."

"मॅडम, तुम्हीच सांगा ना. विकू का?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होते. उत्तर माझ्या जिभेवर होते. मी ते दिले तर नियम मोडत होता. त्याहून मोठी भीती वेगळी होती. ते विकतील, आणि संध्याकाळी भाव उसळी घेईल.

"मी ते सांगू शकत नाही. एवढंच विचारते, आज हा सौदा नसता आणि हप्त्याचे पैसे तुमच्या खात्यात असते, तर ते काढून तुम्ही हाच सौदा पुन्हा केला असता का?"

दत्ताभाऊंनी पत्नीकडे पाहिले. "न्हाई," ते म्हणाले.

"मग दाबा," रूपालीताई म्हणाल्या. "ओट्याचं बघू आपण."

त्यांनी दाबले. सौदा बंद झाला. बराच पैसा गेला होता, पण हप्ता भागेल एवढा उरला. फोन शांत पडला. ती शांतता मला थरथरीपेक्षा जास्त जाचक वाटली.

ॲपच्या दुसऱ्या पानावर त्यांनी स्वतःचे पूर्ण पैसे देऊन घेतलेले थोडे कॉइन होते. "हे बी काढू?" त्यांनी घाईने विचारले.

"ही चाळ तुमची आहे. इथे तुमचा माल कोणी परस्पर विकू शकत नाही. घाबरून आज ठरवू नका. घरी जाऊन शांतपणे विचार करा, आणि बुडालं तरी घर चालेल एवढंच त्यात ठेवा."

जाता जाता त्यांनी ग्रुपवरचा नवा मेसेज दाखवला. ग्रुपवरचे सर ठरावीक फी घेऊन तोटा 'रिकव्हर' करून देणार होते. मी एवढेच सांगितले की बुडालेल्याकडून दुसऱ्यांदा पैसे उकळायची ही जुनी रीत आहे. रूपालीताईंनी तिथेच त्यांना ग्रुपमधून बाहेर पडायला लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"मॅडम, वर गेला की ओ! कालच्यापेक्षा वर! राहू दिला असता तर ग्रॅनाइट आलं असतं!"

मी घाबरतच चार्ट उघडला. भाव खरोखर वर होता. चार्टवर ठरावीक वेळातल्या भावाची एकेक उभी पट्टी दिसते, तिला कॅण्डल म्हणतात. त्या वेळात भाव क्षणभर जिथवर जाऊन आला, तिथवर एक बारीक रेघ तिच्या टोकातून निघते. ती वात. आदल्या संध्याकाळच्या कॅण्डलला खालच्या बाजूने एक लांब वात होती.

"दत्ताभाऊ, काल संध्याकाळची वात बघा. तुमचा लिक्विडेशनचा आकडा आठवतोय?"

"थांबा, बघतो." पलीकडे कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला.

"त्याच्या बी खाली जाऊन आलाय," ते म्हणाले.

"हो. आधी खाली, मग वर."

"म्हंजी गाडी वर जायच्या आधीच आमाला उतरवलं असतं."

"हो."

त्या दिवशी वात नसती, तर त्यांचा राग मला ऐकून घ्यावा लागला असता, आणि तरीही त्यांचा निर्णय चुकीचा ठरला नसता. हे मला संख्याशास्त्राने शिकवले आहे, पण ग्राहकाला ते पटवणे फार अवघड असते. त्यामुळे पडत्या भावात कोणी 'थांबू की विकू' असे विचारत आले की मी आधी दुसराच प्रश्न विचारते. चाळ कोणाची?

हप्ता वेळेवर गेला. फ्लॅट तयार झाल्यावर ओट्याला स्वस्तातला कडप्पा बसला. मी बघून आले. कडप्प्यावर डाग दिसत नाहीत, असे रूपालीताई म्हणतात.