विमाधारक क्रमांक एक

विमाधारक क्रमांक एक: स्त्री, वय एकेचाळीस, अविवाहित. व्यवसाय पडदे शिवणे. निवास भाड्याचा, दोन खोल्या, सहनिवासी एक. पूर्वीचे दावे नाहीत. स्वभावासाठी रकाना नसल्याने, ती मनात धरते हे कुठेही नोंदलेले नाही.

सहनिवासी नर्स होती. एका सकाळी नळाला पाणी नव्हते, म्हणून ती नळ उघडाच टाकून ड्यूटीवर गेली. शिवणारी कापड आणायला बाजारात गेली होती. ती परतली तेव्हा घरात घोटाभर पाणी होते आणि तिचे विजेवरचे शिलाई मशीन, टेबलाचा पाय खचून, त्यात आडवे पडले होते. सहा वर्षे पैसे साठवून घेतलेले.

"पाणी परत येईल असं मला काय स्वप्न पडलं होतं?" नर्स म्हणाली. "आणि मशीनच ना गं, माणूस थोडंच गेलंय!"

त्या वाक्यापासून शिवणारीने तिचे नाव 'धरण' ठेवले.

विमा कचेरीत ती म्हणाली, "मला भरपाई द्या आणि ती सगळी तिच्याकडून वसूल करा. व्याजासकट."

"नाही जमणार, ताई. त्याही विमाधारकच आहेत. क्रमांक दोन."

"तिचं नाव कोणी घुसडलं?"

कारकुनाने अर्ज तिच्याकडे फिरवला. अक्षर तिचेच होते. दोघींचा मिळून एकच विमा स्वस्त पडत होता.

धनादेश दोघींच्या नावे आला. दोघींच्या सह्यांशिवाय वटणार नव्हता. एव्हाना दुसरीकडे राहायला गेलेली धरण लगबगीने आली, सही केली, म्हणाली, "आता तू कर. मशीनचे तुझे, गादी-कपाटाचे माझे."

"ठेव तिथं."

मग दर आठवड्याला फोन. "केलीस का गं?"

"हात लचकलाय. पाणी उपसताना."

मावशीने समजावून पाहिले. "अगं, तिची गादी जाईल, पण तुझं मशीन जातंय! आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन कशाला?"

"नाक माझंच आहे ना, मावशी?"

फोनवर धरण आधी चिडली, मग रडली. रडली त्या दिवशी शिवणारी पोटभर जेवली.

तीन महिन्यांनी धनादेशाची मुदत संपली. नियमाप्रमाणे नव्या धनादेशासाठी दोन्ही विमाधारकांनी समक्ष, एकत्र उपस्थित राहून संयुक्त अर्ज करणे आवश्यक आहे.

पडदे ती सध्या हाताने शिवते.