आसरांची जागा

लग्न होऊन मी निघोज्याहून चिंचवडच्या सासरी आले, तेव्हा सासऱ्यांच्या रानावर नवं शहर होऊ घातलं होतं. आखणीत त्यांच्या जमिनीवर मोठी बाग आली होती. तळं, पाळणे, पोरांच्या झुकझुक गाडीचे रूळ, सगळं आमच्याच ज्वारीवर.

रीत अशी, की नव्या जोडप्यानं रानातल्या विहिरीवर साती आसरांना, पाण्यातल्या देवींना, दहीभाताचा निवद दाखवायचा, ओटी भरायची आणि मगच हातातलं कंकण सोडून संसाराला लागायचं. विहीर तर बुजवलेली, आसरांचे दगडही तिच्यातच गेलेले. पण दगड नसले तरी जागा कुठे पळून जाणार आहे, असं सासूबाईंचं म्हणणं. मलाही ते पटलं.

चौघं निघालो. नवऱ्याची दुपारची शिफ्ट, त्यामुळे तो घाईत. बागेत शिरलो आणि सगळा घोळ सुरू झाला. बांध नाही, झाड नाही, मुरूम टाकून जमीनच वर आणलेली. सासूबाई तरातरा रुळांपाशी गेल्या, विहीर चिंचेच्या उगवतीला होती म्हणाल्या. नवरा म्हणाला, चिंच पाळण्यांच्या जागी होती, म्हणजे विहीर तळ्यात गेली. ती चिंच मुळासकट गेलेली, मग साक्ष कोणाची काढायची? मी डोक्यावर पदर, हातात ताट, जो बोलेल त्याच्या मागे. नवऱ्याच्या बाजूला गेले की सासूबाई बघत, सासूबाईंकडे वळले की नवरा. चार दिवसांची सून मी, कोणाचं खरं मानू? दहीभाताला पाणी सुटायला लागलं आणि माझं डोकं फिरायला लागलं. एवढी मोठी विहीर, ती काय कानातली कुडी आहे हरवायला?

सासरे एकटेच फिरत होते. तळ्याला वळसा घालून आले, पुन्हा गेले. डोळ्यांवर हात धरून खुणेचा डोंगर शोधू लागले, तर मध्ये नव्या इमारती.

सासूबाईंना राहवेना. "अवो, तुमी सांगा की. जलम गेला तुमचा हितं."

सासऱ्यांनी उत्तर सासूबाईंना दिलं नाही, मला दिलं. "सूनबाई, तू कालपरवा आलीस. तुला हितलं जेवढं ठावं हाय ना, तेवढंच आता मला. ठेव कुठं बी."

मला रडूच फुटलं. त्यांच्या पायाशी गवतावर मी ताट ठेवलं. सासूबाईंनी गवतालाच हळदकुंकू वाहिलं, माझ्याकडून ओटी भरून घेतली. आम्ही एकमेकांची कंकणं सोडली, नवरा कंपनीच्या वाटेला लागला.

सासरे मात्र हात जोडून तसेच उभे होते. मग सासूबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्यांनी मला विचारलं, "पोरी, तोंड कुनीकडं करू?"